आधी ऑर्गन, मग मंडळी: विसाव्या शतकातील डच स्तोत्र-पूर्ववादने

नेदरलँड्समधील प्रोटेस्टंट चर्चमध्ये स्तोत्र गायला सुरुवात करण्यापूर्वी पाइप ऑर्गनवर काही क्षण जे वाजवले जाते, त्याला मी या लेखात पूर्ववादन म्हणणार आहे. त्याचे काम वरवर पाहता अगदी साधे असते. कोणती चाल आहे, कोणत्या पट्टीत आहे आणि कोणत्या लयीत उचलायची आहे, एवढे मंडळीला, म्हणजे उपासनेला जमून गाणाऱ्या लोकांना, कळले पाहिजे. कधी ते पाऊण मिनिटाचे असते, कधी सहा-सात मिनिटांचे; कधी ते छापील पुस्तकातून वाजवले जाते, पण बहुतेक वेळा वादक ते जागच्या जागी रचतो आणि ते तिथेच संपते. विसाव्या शतकात या कामापुरत्या प्रकारातून डच ऑर्गनसंगीताचा फार मोठा भाग उभा राहिला. त्याच्या शैलींविषयी तिथे जे कडाक्याचे वाद झाले, ते सहसा ‘जुने विरुद्ध नवे’ किंवा ‘लोकप्रिय विरुद्ध अभिजात’ असे मांडले जातात. मला मात्र त्या वादांच्या मुळाशी एक वेगळाच प्रश्न दिसतो: स्तोत्राचे सगळे स्वर सारख्या लांबीचे गायचे की लांब-आखूड? या एका प्रश्नाचे उत्तर बदलले आणि त्याबरोबर पूर्ववादनाची सगळी बांधणीच बदलली.

त्यासाठी आधी या चाली जवळून पाहायला हव्यात. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या प्रेरणेने तयार झालेली जिनिव्हाची स्तोत्रसंहिता १५६२ मध्ये पूर्ण झाली. बायबलमधील दीडशे स्तोत्रांचे फ्रेंच पद्यरूप आणि त्यांसाठी सुमारे सव्वाशे चाली, असा तो ऐवज होता. स्तोत्रांपेक्षा चाली कमी, कारण काही चाली एकाहून अधिक स्तोत्रांना वापरल्या आहेत. २४, ६२, ९५ आणि १११ या चार स्तोत्रांची चाल एकच आहे. यांतील अनेक चाली लुई बूर्जवा या संगीतकाराच्या हातून घडल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत स्वरांच्या लांबीचे मुख्यतः दोनच प्रकार आहेत, एक लांब आणि दुसरा त्याच्या निम्मा. ओळीची सुरुवात जवळजवळ नेहमी लांब स्वराने होते आणि शेवटही लांब स्वरावर होतो. इतक्या तुटपुंज्या साधनांतून या चालींना जी गती मिळाली आहे, ती थक्क करणारी आहे.

स्तोत्र १३४ चे उदाहरण घेऊ. इंग्रजीभाषक जगात हीच चाल शंभराव्या स्तोत्राची चाल म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे ती अनेकांच्या कानावरून गेलेली असते. पहिली ओळ सरगममध्ये लिहायची तर ‘सा सा नि ध प सा रे ग’ अशी आहे. यातील नि, ध आणि प मंद्र सप्तकातले. मूळ लयीत पहिला ‘सा’ लांब, नंतरचे ‘सा नि ध प’ हे चार आखूड आणि शेवटचे ‘सा रे ग’ पुन्हा लांब. म्हणजे ओळ एका ठाम स्वरावर उभी राहते, झरझर चार पायऱ्या उतरते आणि मग सावकाश, छाती भरून तीन पायऱ्या चढते. आता हेच आठही स्वर सारख्या लांबीचे करून गाऊन पाहा. उतरण्या-चढण्यातला फरक नाहीसा होतो, स्वर एकामागे एक खांबासारखे उभे राहतात आणि चालीला एक वेगळे, जडशीळ गांभीर्य येते. दोन्ही रूपे खरी आहेत, दोन्ही शतकानुशतके गायली गेली आहेत आणि दोन्हींना ऑर्गनकडून वेगवेगळी साथ लागते.

नेदरलँड्समध्ये पेत्रुस दातेन यांनी १५६६ मध्ये या स्तोत्रांचे डच पद्यांतर प्रसिद्ध केले आणि तेच पुढे दोनशे वर्षे गायले गेले. पण ऑर्गनला उपासनेत जागा नव्हती. डोर्डरेख्तच्या १५७४ च्या धर्मसभेने चर्चमधील ऑर्गनवादनाला विरोध केला होता. ऑर्गन वाचले, कारण ते नगरपालिकांच्या मालकीचे होते आणि शहरांना त्यांचा अभिमान होता. आम्स्टरडॅमच्या जुन्या चर्चमधील यान पीटरसोन स्वेलिंक (१५६२–१६२१) हा शहराचा नोकर होता. त्याने उपासनेच्या आधी किंवा नंतर वाजवावे आणि उपासनेत मंडळीने साथीशिवाय, पुढे गाणाऱ्या एका माणसाच्या आधाराने गावे, अशी व्यवस्था होती. स्वेलिंकने दीडशेही स्तोत्रांना बहुस्वरी गायनरचनेत बसवले आणि कीबोर्डसाठी काही स्तोत्रांवर आवर्तनेही (एकाच चालीची बदलत जाणारी रूपे) रचली. १६५९ मध्ये आंतोनी फान नोर्ट यांनी स्तोत्रे आणि फँटसी (मुक्त बांधणीच्या रचना) यांचा जो संग्रह छापला, तो या परंपरेचा कळस मानला जातो. १६४१ मध्ये कॉन्स्टंटाइन हायगेन्स यांनी (शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांचे हे वडील) चर्चमधील गायनाला ऑर्गनची साथ असावी म्हणून एक आवेशपूर्ण पुस्तिका लिहिली. साथीशिवायचे गायन किती विस्कळीत झाले होते, याचे त्यांना मनापासून दुःख होते. हळूहळू साथ आली, पण तोवर गायनाची लय इतकी मंद झाली होती की लांब-आखूड स्वरांतला भेद उरलाच नव्हता. प्रत्येक स्वर एकेका श्वासाएवढा. १७७३ मध्ये नवे पद्यांतर आले आणि त्याबरोबर काहीशी जलद गायनपद्धत आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा व्लार्डिंगेन आणि मासस्लाउस या मासेमारीच्या गावांत चक्क दंगली झाल्या. स्तोत्र किती सावकाश गायचे यावरून लोक रस्त्यावर उतरले, हे वाचल्यावर विसाव्या शतकातले वाद इतके तीव्र का होते ते समजते. ही माणसे आठवड्यातून एकदा तोंडदेखले गात नव्हती; ही गाणी त्यांच्या घरात, बोटीवर आणि मृत्युशय्येपाशी होती.

एकोणिसाव्या शतकाने या परंपरेला काय दिले, याविषयी मी फार लिहिणार नाही. ग्रोनिंगेनचे योहानेस वोर्प यांचे स्तोत्र-साथीचे पुस्तक घरोघरी आणि चर्चोचर्ची वापरले गेले. तो एक भक्कम, उपयोगी ग्रंथ होता. मात्र त्या काळात जिनिव्हाच्या चालींचे मूळ मोड, म्हणजे जुन्या स्वरश्रेणी, पुसट होत गेले. डोरियन मोड म्हणजे आपल्याकडच्या काफी थाटाचे स्वर आणि फ्रिजियन म्हणजे भैरवीचे. स्तोत्र ५१, पश्चात्तापाचे ते प्रसिद्ध स्तोत्र, फ्रिजियनमध्ये आहे. अशा चालींच्या ओळीअखेरीस शुद्ध निषाद घालून त्यांना मेजर-मायनरच्या साच्यात बसवायची सवय लागली आणि मंडळीही तसेच गाऊ लागली. काफीतल्या चालीत प्रत्येक मुक्कामाला कोमल निषादाऐवजी शुद्ध निषाद घेतला तर काय होईल, हे ज्याला ऐकू येते त्याला ही हानी वेगळी समजावून सांगायला नको.

विसावे शतक खऱ्या अर्थाने यान झ्वार्ट (१८७७–१९३७) यांच्यापासून सुरू होते. झांदामला जन्मलेले झ्वार्ट १८९८ पासून मृत्यूपर्यंत आम्स्टरडॅमच्या एका लुथरन चर्चमध्ये ऑर्गनवादक होते. स्वेलिंक आणि फान नोर्ट यांच्या काळाशी तुटलेला धागा पुन्हा जोडायचा, हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी स्तोत्रांवरच्या आपल्या रचनांच्या मालिकेला मुद्दाम जुन्या डच वळणाचे, ‘दाविदाच्या स्तोत्रांच्या चालींवरील संगीत’ अशा अर्थाचे शीर्षक दिले. एनसीआरव्ही या ख्रिस्ती रेडिओसंस्थेवरून त्यांची वादने नियमित प्रसारित होऊ लागली आणि ज्या कष्टकरी, धर्मनिष्ठ कुटुंबांनी कधी मैफलीचे तिकीट काढले नव्हते, त्यांच्या घरात ऑर्गन पोहोचला. स्वतःला रोज माहीत असलेली चाल एवढी विशाल होऊ शकते, हे त्या श्रोत्यांना प्रथमच ऐकू आले असावे.

झ्वार्ट यांची बांधणी साधारण अशी असते. चालीच्या पहिल्या ओळीचा तुकडा एका आवाजात येतो, दुसरा आवाज त्याचे अनुकरण करतो, तिसरा त्यात मिसळतो. मग चाल स्वतः येते, कधी कॉर्नेट किंवा ट्रम्पेट स्टॉपवर (स्टॉप म्हणजे एका विशिष्ट रंगाच्या आवाजाचा नळ्यांचा संच) उठून दिसणाऱ्या एकल आवाजात, कधी पायांच्या पेडलवर. ओळींच्या मधल्या जागेत अनुकरणाचा खेळ चालू राहतो, स्वरसंवाद गडद होत जातो आणि शेवटी सगळा ऑर्गन उघडून चाल भरघोस कॉर्डमध्ये, एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांत, उभी राहते. यात मेंडेल्सोन आहे, जर्मन रोमँटिक परंपरा आहे आणि बाखची शिस्तही आहे. चालीचे स्वर बहुतेक ठिकाणी सारख्या लांबीचे आहेत, आणि इथेच माझा मुद्दा येतो. चाल जेव्हा संथ, समान पावलांनी चालते, तेव्हा तिच्या दोन स्वरांमध्ये मोकळी जागा असते आणि रचनाकाराला ती भरावी लागते. ती तो वाहत्या, जलद स्वरांनी भरतो, रंग बदलणाऱ्या कॉर्डनी भरतो, लांब चढावाने भरतो. झ्वार्ट यांची ‘एक भक्कम गड’ या लुथरच्या गीतावरची फँटसी किंवा स्तोत्र १४६ वरची टोकाटा (जलद, झगमगती वाद्यरचना) ऐकताना जो भव्यपणा जाणवतो, तो या मोकळ्या जागेतून आला आहे. त्याला केवळ रोमँटिक अभिरुची म्हणून मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते. समान स्वरांच्या गायनाला ती शैली अगदी नेमकी बसते.

झ्वार्ट यांच्या शिष्यांतून दोन वाटा फुटल्या, आणि त्या एकाच गुरूपासून निघाल्या हे विसरले जाते. पहिली वाट फेइके आस्मा (१९१२–१९८४) यांची. मासस्लाउसच्या मोठ्या चर्चमधील, रुडॉल्फ गारेल्स यांनी १७३२ मध्ये बांधलेल्या ऑर्गनशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्यांच्या मैफलींना चर्च भरून जात असे आणि त्यांच्या तबकड्या असंख्य धर्मनिष्ठ घरांत होत्या. झ्वार्ट यांचे संगीत त्यांनी आयुष्यभर वाजवले, फ्रेंच रोमँटिक रचना वाजवल्या आणि स्वतःची स्तोत्र-वादने बहुतांशी उत्स्फूर्त ठेवली. त्यांतील बरीच नंतर ध्वनिमुद्रणांवरून उतरवून छापली गेली. आस्मा यांच्या वादनात लय ताणली जाते, ओळीच्या शेवटी थांबते, पुन्हा उसळते. शिस्तीच्या कानांना ते खटकते. पण समान स्वरांच्या गायनात मंडळी ओळीच्या शेवटी जो लांब श्वास घेते, तोच श्वास त्या ताणलेल्या लयीत आहे, असे मला प्रत्येक वेळी जाणवते. झ्वार्ट यांचे पुत्र विलेम हेंड्रिक झ्वार्ट यांनी कांपेनच्या बोव्हेन चर्चमधील, हिन्झ या बांधणीकाराच्या ऑर्गनवर हीच परंपरा पुढे नेली.

दुसरी वाट कोर केय (१९००–१९९७) यांची. तेही झांदामचेच, तेही झ्वार्ट यांचेच शिष्य. पण त्यांच्या स्तोत्ररचना उघडल्या की आपण दुसऱ्याच जगात येतो. त्या आखूड आहेत, पोत विरळ आहे, दोन-तीन आवाज स्वतंत्रपणे चालतात आणि एकमेकांवर आदळायला घाबरत नाहीत. भरणीचा एकही कॉर्ड नाही. अशी शैली का आली, याचे एक कारण अर्थातच काळ आहे; दोन महायुद्धांमधल्या युरोपात सगळीकडेच रेषा बारीक आणि कोरड्या होत होत्या. पण डच चर्चपुरते बोलायचे तर त्याच दशकांत मूळ लयीतले गायन परत येत होते. अभ्यासकांनी आणि संगीतात जाणत्या पाळकांनी जिनिव्हाच्या मूळ लांब-आखूड लयीचा आग्रह धरला आणि एकेक मंडळी तिकडे वळू लागली. १९६८ मध्ये स्तोत्रांचे नवे पद्यांतर पूर्ण झाले आणि १९७३ मध्ये अनेक चर्चनी मिळून नवे गीतपुस्तक स्वीकारले. त्या पद्यांतरामागे मार्टिनुस नायहॉफ, यान विट, विलेम बार्नार्ड, आद देन बेस्टेन यांच्यासारखे खरेखुरे कवी होते आणि त्यांनी शब्द मूळ लयीला धरून बसवले होते. तिथपासून समान स्वरांचे गायन मुख्य प्रवाहातल्या चर्चमध्ये मागे पडले.

आता चाल स्वतःच हालू लागली, तेव्हा तिच्या स्वरांमधली मोकळी जागा संपली. स्तोत्र १३४ च्या पहिल्या ओळीतले चार आखूड स्वर झरझर उतरत असताना त्यांच्याभोवती आणखी जलद स्वरांची झालर लावली, तर चाल गुदमरते. प्रत्येक स्वराला नवा कॉर्ड दिला, तर ती धापा टाकू लागते. उरतो तो एकच मार्ग, तिच्याइतक्याच स्वतंत्र लयीचा दुसरा आवाज तिच्यासमोर उभा करायचा. ‘सा नि ध प’ हा उतार एका आवाजात संपतो न संपतो तोच खालच्या आवाजात तो दुप्पट सावकाश सुरू करायचा. किंवा वरच्या आवाजातले ‘सा रे ग’ चढत असताना पेडलमध्ये तोच तुकडा उलटा करून उतरवायचा. असे एखादे पूर्ववादन बारा-पंधरा मोजपट्ट्यांत (तालाच्या छोट्या खंडांत) संपते आणि त्याने चालीची पट्टी, लय आणि स्वभाव तिन्ही सांगून झालेले असतात. आपल्याकडचा आलाप रागाचे सगळे घर उघडून दाखवतो. या पूर्ववादनाला दार उघडून बाजूला व्हायचे असते. कोर केय यांना हे फार अचूक समजले होते. पुढच्या काळात ते स्वरक्रमाधारित, बारा स्वरांच्या तंत्राकडेही गेले, पण स्तोत्रांवरच्या त्यांच्या लहान रचना मला विसाव्या शतकातल्या सगळ्या डच ऑर्गनसंगीतात सर्वांत मोलाच्या वाटतात आणि त्या फार कमी वाजवल्या जातात याची खंत वाटते.

केय यांचे खरे कार्यक्षेत्र अध्यापन होते. हार्लेममध्ये १९५१ पासून ऑर्गनवरील उत्स्फूर्त रचनेची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि काही वर्षांतच उन्हाळी अकादमीही. तिथे केय यांनी जगभरातून आलेल्या वादकांना उत्स्फूर्त रचना शिकवली. त्यांचे पुत्र पीट केय (१९२७–२०१८) यांनी १९५३, १९५४ आणि १९५५ अशी सलग तीन वर्षे ही स्पर्धा जिंकली. ज्या देशात दर रविवारी हजारो वादकांना चार-पाच वेळा दिलेल्या चालीवर काहीतरी रचावे लागते, तिथे अशी स्पर्धा जन्माला यावी हे साहजिकच आहे. माझ्या दृष्टीने ही स्पर्धा म्हणजे रविवारच्या कामाचेच मैफलीतले रूप आहे.

आंतोन फान देर होर्स्ट (१८९९–१९६५) यांच्याकडे मी स्वतंत्रपणे वळतो, कारण ते वरच्या दोन्ही वाटांत बसत नाहीत. १९३१ पासून ते नेदरलँड्स बाख सोसायटीचे संचालक होते आणि आम्स्टरडॅमच्या कॉन्झर्व्हेटरीत त्यांनी ऑर्गनवादकांची एक पिढी घडवली. पीट केय त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी ‘मोडुस कोंयुंक्टुस’ नावाने एक आठ स्वरांची श्रेणी आपल्या रचनांचा पाया म्हणून वापरली. तीत पूर्ण आणि अर्धे अंतर आलटून पालटून येते. षड्जापासून मांडली तर ती सा, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, कोमल ध, शुद्ध ध, शुद्ध नि अशी होते. पाहा, यात दोन मध्यम आहेत, दोन धैवत आहेत आणि पंचमच नाही. ज्या स्वरावर सगळ्या रचनेचा तोल सावरायचा तोच गायब झाल्यावर जे अधांतरी, चकाकते पण अस्वस्थ वातावरण तयार होते, ते त्यांच्या १९४३ च्या ऑर्गन स्वीटमध्ये (लहान रचनांच्या मालिकेत) ऐकू येते. स्तोत्र ८ वर त्यांनी आवर्तनांची एक मालिका, ‘पार्टिटे’, लिहिली आहे. आठवे स्तोत्र रात्रीच्या आकाशाकडे पाहून माणसाच्या लहानपणाविषयी बोलते. सोळाव्या शतकातली साधी चाल आणि विसाव्या शतकातला हा तोल हरवलेला स्वरसंवाद यांना शेजारी ठेवणारी ही रचना उपासनेपेक्षा मैफलीची आहे, हे मान्य. पण स्तोत्राची चाल आधुनिक भाषेत शिळी होत नाही, हे तिने सिद्ध केले.

कॅथलिक बाजूला जिनिव्हाची स्तोत्रे नव्हतीच, म्हणून हेंड्रिक आंद्रिसेन (१८९२–१९८१) यांचा उल्लेख इथे थोडक्यात करतो, जरी शतकातले सर्वांत मोठे डच ऑर्गनसंगीतकार म्हणून अनेक जण त्यांचेच नाव घेतील. १९१३ चे पहिले कोराल (धर्मगीताच्या धर्तीची ऑर्गनरचना), १९२७ ची सोनाटा दा किएझा, १९४९ मधील विषय आणि आवर्तने या त्यांच्या रचनांचा पाया ग्रेगोरियन गायनात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जुन्या एकस्वरी लॅटिन गायनात, आणि सेझार फ्रांकच्या फ्रेंच परंपरेत आहे. त्यांच्या संगीताला मंडळीच्या श्वासाची वाट पाहायची नसते; त्यामुळे त्यातली वाक्ये लांब, वळणावळणाची आणि स्वतःतच मग्न असतात. स्तोत्र-पूर्ववादनाचे वेगळेपण कशात आहे ते मला आंद्रिसेन ऐकताना जास्त स्पष्ट कळते.

वाद्यांविषयी बोलल्याशिवाय शैलीचा विषय पुरा होत नाही. हार्लेमच्या संत बाव्हो चर्चमधील ख्रिस्तियान म्युलर यांचा ऑर्गन १७३५ ते १७३८ या काळात बांधला गेला. १७६६ मध्ये लहानग्या मोझार्टने तो वाजवला होता. १९५९ ते १९६१ मध्ये डेन्मार्कच्या मार्कुसेन कंपनीने त्याची पुनर्बांधणी केली. त्या काळात सगळ्या नेदरलँड्समध्ये ऑर्गनचा स्वर बदलत होता. रोमँटिक काळातले दाट, काळोखे स्टॉप जात होते आणि स्वच्छ, धारदार, उंच पट्टीचे स्टॉप येत होते. फ्लेन्ट्रॉप यांच्यासारख्या डच बांधणीकारांनी आणि उट्रेख्तच्या निकोलाई चर्चमधील मार्कुसेनच्या नव्या ऑर्गनने हा आवाज रुजवला. अशा वाद्यावर दोन आवाजांचे विरळ काउंटरपॉइंट काचेसारखे स्पष्ट ऐकू येते आणि जाड कॉर्ड किंचाळतात. म्हणजे लय, वाद्य आणि लेखन ही तिन्ही एकाच दिशेने सरकली. आस्मा यांचे चाहते आणि नव्या वळणाचे वादक एकमेकांना समजू शकले नाहीत, याचे एक कारण हेही की दोघे वेगवेगळ्या आवाजाचे ऑर्गन मनात धरून बोलत होते.

त्याच हार्लेमच्या ऑर्गनवर एक विलक्षण व्यवस्था होती. पीट केय आणि कॅथलिक संगीतकार आल्बर्ट दे क्लेर्क हे शहराचे ऑर्गनवादक होते, म्हणजे स्वेलिंकच्या काळातल्या नगर-नोकरीचे वारस. तर क्लास बोल्ट (१९२७–१९९०) हे चर्चचे ऑर्गनवादक होते. बोल्ट यांच्याविषयी मला विशेष आदर आहे. नव्या लयीचा विजय झालेल्या काळात त्यांनी जुन्या, संथ, समान स्वरांच्या गायनाचा गंभीरपणे अभ्यास केला. अठराव्या शतकात ओळींच्या मध्ये ऑर्गनवादक जे छोटे अलंकारिक दुवे वाजवत, ते त्यांनी पुन्हा वाजवून दाखवले आणि मंडळीला कॉर्नेटच्या ठसठशीत आवाजाने पुढे कसे नेले जात असे ते लोकांकडून गाऊन घेऊन सिद्ध केले. ज्याला इतर जण केवळ ऱ्हास समजत होते, त्यात एक पूर्ण कला होती, हे त्यांनी ऐकवले. त्यांची स्वतःची उत्स्फूर्त रचना जुन्या शैलींत असे, पण ती नक्कल वाटत नसे. ऑर्गनच्या प्रत्येक नळीला तिच्या काळाची भाषा बोलू द्यायची, एवढाच त्यांचा हट्ट होता. पुढच्या पिढीत सीत्से दे फ्रीस यांच्यासारख्या वादकांनी ऐतिहासिक शैलीतली उत्स्फूर्त स्तोत्र-वादने पुढे नेली आहेत.

समान स्वरांचे गायन मेलेही नाही. अधिक सनातनी मंडळ्यांमध्ये १७७३ चे पद्यांतर आजही गायले जाते आणि त्यांतील अनेक ठिकाणी संथ, समान लयीतच. खेनेमाउडेन या छोट्या गावात तर काही पुरुष चालीच्या वर एक उंच दुसरा आवाज गातात. हा वरचा आवाज त्या गावाची ओळख बनला आहे. हजारभर पुरुषांचे संथ गायन, त्यावर तो उंच आवाज आणि खाली ऑर्गनचे पेडल हे ध्वनिमुद्रणातही ऐकताना अंगावर येते. तिथे कोर केय यांचे पंधरा मोजपट्ट्यांचे कोरीव पूर्ववादन वाजवले, तर ते त्या गायनाला पुरणार नाही. तिथे झ्वार्टच हवेत.

१९७० नंतर आणखी एक शैली आली, जी मला अनपेक्षित वाटते. यान वेल्मर्स आणि झुत्फेनचे बेर्ट माटर यांनी पुनरावृत्तीवर आधारलेल्या मिनिमल संगीताची रीत ऑर्गनवर आणि जुन्या चालींवर आणली. वेल्मर्स यांची ‘लाउदाते दोमिनुम’ आणि ‘लितानी’, माटर यांची ‘फोन गोट विल इख निख्त लासेन’ या जर्मन गीतावरील रचना ही तिची उदाहरणे. काही स्वरांचा एक लहान आकृतिबंध फिरत राहतो, त्यात एखादाच स्वर बदलतो आणि त्या फिरत्या जाळ्यातून जुनी चाल लांबच लांब स्वरांत हळूहळू वर येते. म्हणजे चालीचे स्वर पुन्हा सावकाश झाले, त्यांच्यामध्ये पुन्हा मोकळी जागा आली आणि ती जागा भरण्याची जबाबदारी पुन्हा रचनाकारावर आली, फक्त या वेळी गडद कॉर्डऐवजी स्पंदनाने. झ्वार्ट आणि माटर यांना एका दमात कोणी घेत नाही, पण लांब स्वराभोवतालची जागा हाच दोघांचाही कच्चा माल आहे.

ज्यांना हे संगीत ऐकायचे आहे, त्यांनी सुरुवात एका बाहेरच्या रचनेपासून करावी असे मी सुचवेन. स्तोत्र ३६ आणि ६८ यांची चाल मुळात १५२५ च्या सुमारास स्ट्रासबुर्गमध्ये माथेउस ग्राइटर यांनी रचली होती. जिनिव्हाने ती उचलली आणि जर्मन लुथरन मंडळींनीही तिच्यावर दुःखभोगाचे गीत गायले. त्यामुळे बाखच्या ‘ओ मेन्श बेवाइन’ या ऑर्गन-कोरालमध्ये (बाखच्या रचनासूचीत बीडब्ल्यूव्ही ६२२) तीच चाल आहे. वरच्या आवाजात ती इतकी नक्षीदार झाली आहे की प्रथम ओळखूच येत नाही. शेवटच्या ओळीत लय अतिमंद होते आणि शेवटून थोडे आधी एक अनपेक्षित, खोल खाली गेलेला कॉर्ड येतो. तो कॉर्ड ऐकून झाल्यावर एखाद्या डच मंडळीने गायलेले स्तोत्र ६८ ऐकावे, आधी समान स्वरांत आणि मग मूळ लयीत. सांप्रदायिक छळाच्या काळात फ्रेंच प्रोटेस्टंटांनी हे स्तोत्र रणगीत म्हणून गायले होते, हे मूळ लयीत लगेच पटते. त्यानंतर झ्वार्ट, मग कोर केय आणि मग फान देर होर्स्ट यांच्या आठव्या स्तोत्रावरील पार्टिटे. प्रत्येक रचनेच्या आधी मूळ चाल एकदा स्वतःच्या तोंडाने गुणगुणून घ्यावी, कारण ही सगळी वादने ज्यांना चाल आधीपासून पाठ आहे अशा माणसांसाठी लिहिली गेली आहेत आणि ऑर्गनने चाल कुठे लपवली, कुठे ताणली, कुठे अर्धवट सोडली, हे तोंडात चाल असलेल्यालाच ऐकू येते.